आवाज येतो तिथं विमान नसतं



आमची शाळा तोरण्याच्या बाजूला एका लहानशा वाडीत आहे. दोन शिक्षक, चार वर्ग आणि पट सव्वीस. तालुक्याचं नाव आम्ही वर्षानुवर्षं वेल्हे असंच लिहीत आलो. आता ते राजगड झालंय, पण तोंडची सवय काही लगेच जात नाही. तर सांगायचं म्हणजे, आमच्याकडे गाडीचा आवाजसुद्धा दिवसातून मोजून ऐकू येतो. त्यामुळे आभाळातून घर्रर्र झालं की गणिताचा तास तिथंच मोडतो. फळ्यावरची वजाबाकी हातच्यासाठी ताटकळत राहते आणि सव्वीसच्या सव्वीस मुलं व्हरांड्याबाहेर!

"बाई, सुखोई!"

हे सुखोई येतं पुण्याच्या लोहगावहून, हवाई दलाच्या तळावरून. सुखोई-३० एमकेआय हे विमान २००२ साली हवाई दलात दाखल झालं ते तिथंच. नकाशावर पट्टी ठेवून बघा, लोहगाव ते वेल्हे सरळ अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर भरेल. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर मिनिटाला १५ किलोमीटर. म्हणजे झाली फक्त तीन मिनिटं! तेवढ्या वेळात आपली एसटी स्वारगेटच्या स्टँडातून नुसती मागे सरकत असते.

चौथीत एक मुलगा आहे, वर्गात सगळे त्याला 'पायलट' म्हणतात. आपणही तेच नाव ठेवू. मागच्या वर्षी, तिसरीत असताना, तो व्हरांड्यातून आवाजाच्या दिशेनं बोट दाखवायचा आणि विमान तिथं नसायचंच. बाकीची मुलं हसायची. एक दिवस तो फणकाऱ्यानं आत आला आणि म्हणाला, "बाई, आवाज येतो तिथं विमान नसतं. असं का?"

काय सुंदर प्रश्न आहे बघा! त्या दिवशी भूगोल बाजूला ठेवला आणि आम्ही हेच गणित केलं. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, हे तुम्ही पावसाळ्यात अनुभवलेलं असतं. प्रकाश लगेच पोचतो, पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच चालतो. आता विमान तुमच्या डोक्यावर तीन किलोमीटर उंचीवर आहे असं धरा. तिथला आवाज खाली पोचायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. आणि ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. नऊ सेकंदांत विमान सव्वादोन किलोमीटर पुढे निघून गेलेलं असतं. तुम्ही डोक्यावर बघता, आणि ते डोंगरापलीकडे!

पायलटनं हे उत्तर वहीत चौकट करून लिहिलं. आणि तेव्हापासून तो माझ्या मागेच लागला, "बाई, विमान जवळून कुठं बघायला मिळतं?"

आता माझी गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ बंगळूरला नोकरी करतो. तिथं शहराच्या उत्तरेला येलहंका नावाचा हवाई दलाचा तळ आहे. १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी तिथं 'एरो इंडिया' नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. देशोदेशीची लढाऊ विमानं, हेलिकॉप्टरं, त्यांची इंजिनं, रडार असं सगळं. २०२५ साली त्याची पंधरावी खेप होती, १० ते १४ फेब्रुवारी. पहिले तीन दिवस धंद्याच्या लोकांचे आणि शेवटचे दोन तुमच्या-माझ्यासारख्यांचे. मी दोन दिवस किरकोळ रजा टाकली आणि उद्यान एक्सप्रेसनं निघाले.

निघायच्या आधी पायलटचे आबा शाळेत आले होते. त्यांनी विचारलं, "बाई, ती जत्रा हाय का बाजार?"

मी म्हटलं, "आबा, दोन्ही."

"मग इमानं इकतात तिथं?"

विकतात हो. निदान विकायची बोलणी तरी करतात. आबांनी आयुष्यभर बैल घेतले-विकले आहेत, त्यामुळे त्यांना समजावणं सोपं गेलं. बैल घेणारा नुसता उभा बैल बघून पैसे मोजतो का? तो दात बघतो, पाठीवर थाप मारतो, चालवून बघतो, गाडीला जुंपून बघतो. विमानाचंही तसंच. कागदावर सगळीच विमानं गुणाची असतात. घेणारा म्हणतो, उडवून दाखव. किती कमी जागेत वळतं? किती सावकाश उडू शकतं? सरळ वर चढताना धाप लागते का? ते आभाळात दाखवायचं, आणि मग बंद दारामागं देशादेशांचे अधिकारी बोलायला बसतात. आबा हसले. म्हणाले, "म्हंजी रुमालाखाली बोटं दाबायची!" अगदी तसंच. आपल्या जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात धरून भाव ठरवतात, तो कुणाला दिसत नाही. तिथला रुमाल मोठा, एवढंच.

मी गेले ती शेवटच्या दिवशी, शुक्रवारी. आमचं तिकीट हजार रुपयांचं, नुसतं उड्डाणं बघण्याच्या मैदानाचं. त्यातही गंमत म्हणजे तिकीट एका दाराचं आणि आम्ही तासभर उभे दुसऱ्याच दाराच्या रांगेत! चूक माझीच, तिकिटावर लिहिलेलं नीट वाचलं नव्हतं. 'सूचना काळजीपूर्वक वाचा' असं परीक्षेत तुम्हाला दहादा बजावणारी बाई ती हीच. भावानं ते अजून विसरू दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आत शिरण्याआधीच शिकायला मिळाली. प्रदर्शनाच्या दिवसांत येलहंका तळाभोवती मांस-मच्छीची विक्री बंद ठेवतात. २०२५ साली ही बंदी तेरा किलोमीटरच्या परिसरात होती. का, ओळखा पाहू? धार्मिक कारण नाही बरं का! मांसाचे उकिरड्यावर टाकलेले तुकडे खायला घारी जमतात, आणि घारी विमानाच्या उंचीवर घिरट्या घालतात. किलोभराची घार इंजिनात ओढली गेली तर कोट्यवधी रुपयांचं विमान पडू शकतं. तोरण्याच्या कड्यावर तरंगणारी घार आपल्याला किती देखणी वाटते. वैमानिकाला तीच नको असते.

मग आवाज सुरू झाले. मुलांनो, तो आवाज लिहून दाखवता येत नाही. छातीच्या फासळ्यांत घुमतो. शेजारच्या बाईंच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं, तिनं त्याच्या कानांवर हात धरले. पालकांनो, अशा ठिकाणी लहान मुलांना न्यायचं तर कानांत घालायला बोळे जरूर न्या, टोपी आणि पाणीही. फेब्रुवारीतलं ऊनसुद्धा मोकळ्या मैदानावर चांगलं भाजतं.

रशियाचं सुखोई-५७ आलं. ते हवेत असं वळलं की जणू कुणी शेपटीला धरून फिरवलं! त्याच्या इंजिनाचं मागचं तोंड हलवता येतं, त्यामुळे रेटा हव्या त्या दिशेनं देता येतो. आपल्या लोहगावच्या सुखोईलाही ही सोय आहे. अमेरिकेचं एफ-३५ सुद्धा त्याच प्रदर्शनात होतं. एकमेकांसमोर डोळे वटारून असणारे हे दोन देश, आणि त्यांची सगळ्यांत नवी विमानं एका मैदानावर. बाजार म्हणतात तो हा! आपलं 'तेजस'ही उडालं. हे हलकं लढाऊ विमान भारतात बनतं. त्याचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला बंगळूरला झालं होतं, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नवी आवृत्ती आपल्या नाशिकजवळच्या कारखान्यातून उडाली. याच ओझरच्या कारखान्यात पूर्वी मिग-२१ बनायची आणि पुढं सुखोई-३०.

मला खरं तर 'सारंग'ची हेलिकॉप्टरं बघायची होती, मोराच्या रंगांनी रंगवलेली. ती आलीच नाहीत. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं एक 'ध्रुव' हेलिकॉप्टर पडून तिघं जण गेले होते, आणि कारण सापडेपर्यंत त्या जातीची हेलिकॉप्टरं जमिनीवरच ठेवली होती. मी मनात थोडी हिरमुसले. पण शंका असलेलं यंत्र लोकांना दाखवायला न उडवणं, हे मला आवडलं.

आणि मग 'सूर्यकिरण'. नऊ 'हॉक' विमानं, लाल-पांढरी. १९९६ साली हे पथक बिदरला सुरू झालं. बिदर म्हणजे आपल्या लातूर-नांदेडच्या शिवेला लागलेलं, तिकडच्या कितीतरी घरांत मराठी बोलतात. आधी त्यांच्याकडे 'किरण' विमानं होती. २०११ मध्ये ती शिकाऊ वैमानिकांसाठी लागली म्हणून पथक थांबलं, आणि २०१५ पासून हॉकवर पुन्हा सुरू झालं.

ही विमानं एकमेकांपासून पाच मीटरपेक्षाही कमी अंतरावर उडतात. पाच मीटर म्हणजे आपल्या वर्गखोलीच्या लांबीपेक्षाही कमी! ताशी ५०० किलोमीटर वेग धरला तर सेकंदाला १३९ मीटर. म्हणजे पाच मीटर जायला सेकंदाचा अठ्ठाविसावा भाग पुरतो. पापणी मिटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. मग ते आपटत कसे नाहीत? तुम्ही लेझीम खेळता तेव्हा काय करता, आठवा. रांगेतला प्रत्येक जण हलगीवाल्याकडे बघत नाही, पुढच्याच्या हाताकडे आणि पायाकडे बघतो. तसंच इथं. पुढारी विमानाच्या पंखावरची ठरावीक खूण दुसऱ्या विमानाच्या काचेत ठरावीक जागी दिसली पाहिजे. ती हलली की आपण हलायचं. जमीन कुठं, आभाळ कुठं हे बघायचं काम पुढाऱ्याचं. बाकीच्यांनी फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायचा. मागून निघणारा धूर म्हणजे गरम झोतात सोडलेलं तेल. त्याची वाफ होते आणि थंड हवेत धुकं होऊन उरते.

परत आल्यावर हे सगळं मी वर्गात सांगितलं, खडूनं फळ्यावर आकृत्या काढून. पायलट आठवडाभर जमिनीवर पाय ठेवून चालत नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला मजा येते. आता पुढची.

नोव्हेंबर २०२५ मधला एक सोमवार. परिपाठाला पायलट मागच्या रांगेत गप्प उभा. शुक्रवारी, २१ तारखेला, दुबईच्या हवाई प्रदर्शनात आपलं तेजस कसरती करता करता कोसळलं होतं. विंग कमांडर नमांश स्याल त्यात गेले. गावात प्रत्येकाच्या मोबाइलवर ते दृश्य फिरत होतं, आणि मुलांनीही ते पुन्हा पुन्हा बघितलेलं. (पालकांनो, हे टाळता आलं असतं. एका माणसाचा शेवटचा क्षण मुलांनी जेवताना बघायचा नसतो.)

मधल्या सुट्टीत पायलटची आई आली. शनिवार-रविवारी ती गडाच्या वाटेवर लिंबू सरबत आणि ताक विकते. ती भांडायला आली नव्हती, पण आवाज कापत होता. "बाई, तुम्हीच त्याच्या डोक्यात भरवलं. आता रात्री दचकून उठतोय. त्याला सांगा, हे आपलं काम नाही म्हणून."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. मी फळ्यावर नऊ विमानं काढली, धूर काढला, पण येलहंकाची एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली नव्हती. १९ फेब्रुवारी २०१९ ला, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली होती. दोघं वैमानिक आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले. विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. आणि त्याच प्रदर्शनात चार दिवसांनी वाहनतळावरच्या वाळलेल्या गवतानं पेट घेतला, तीनशेच्या आसपास मोटारी जळून गेल्या. नशिबानं माणूस कुणी दगावला नाही. आपल्या डोंगरांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात ना, तसाच तो प्रकार, वाऱ्यावर धावत गेलेला. हे सगळं मला माहीत होतं. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून मी गाळलं होतं.

दुपारी मी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि गाळलेलं सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी पायलटनं विचारलं, "बाई, ते युद्ध नव्हतं ना? मग का उडत होते?"

मी आबांच्या बैलाचं उदाहरण दिलं. विमान काय काय करू शकतं हे घेणाऱ्याला उडवूनच पटतं. शिवाय जमिनीजवळ, कमी जागेत विमान वळवायची सवय वैमानिकाला खऱ्या कामातही लागते. आणि तुझ्यासारखा एखादा मुलगा ते बघून ठरवतो की आपणही हे शिकायचं. हवाई दलाला तेही हवं असतं. एवढं सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझंच समाधान झालेलं नाही. म्हणून मी तेही सांगितलं: "एवढ्यासाठी जीव धोक्यात घालावा का, हे मला ठरवता येत नाही. जे उडतात त्यांनी ते समजून-उमजून ठरवलेलं असतं. आणि ही विमानं खेळणी नव्हेत. ती लढाईसाठी केलेली आहेत, हे टाळ्या वाजवताना मीसुद्धा विसरले होते."

पायलट म्हणाला, "आई पण पावसात गडावर जाते. मागच्या वर्षी पाय घसरला होता तिचा."

ती दाराशीच उभी होती. पटकन म्हणाली, "ते पोटासाठी रं. हौस न्हाई ती."

यावर मी काय बोलणार? आम्ही तिथंच थांबलो आणि मुलांना लवकर सोडून दिलं.

पुढं आठ-दहा दिवस विमानाचा विषय निघाला नाही. सुखोई गेलं तरी पायलट वजाबाकी करत बसायचा. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना त्याची आई पुन्हा आली, आणि या वेळी इकडचं तिकडचं बोलत राहिली. निघता निघता विचारलं, "बाई, त्या खडकवासल्याच्या शाळेला फी किती पडते हो?"

खडकवासल्याची शाळा म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, सगळे तिला एनडीए म्हणतात. पाबे घाट उतरून पुण्याकडे निघालं की वाटेत खडकवासला धरण लागतं, त्याच्याच काठाला ती आहे. तुमच्यातही कुणाला विचारायचं असेल, म्हणून इथं लिहिते. तिथल्या शिक्षणाचा खर्च सरकार करतं. बारावीला, किंवा बारावी झाल्यावर, वर्षातून दोनदा परीक्षा असते. वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मध्ये लागतं. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. त्यापुढं मुलाखत, वैद्यकीय तपासणी, आणि वैमानिकाच्या योग्यतेची एक वेगळी चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. उंच भरारी वगैरे पुढची गोष्ट, आधी हातच्याची वजाबाकी! नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी याच प्रबोधिनीतून शिकून २०२१ ते २०२४ हवाई दलाचे प्रमुख होते.

हे मी बोलत असताना तिसरीतली एक मुलगी दप्तर पाठीला लावून ऐकत उभी होती. "बाई, मुलींना घेतात?" घेतात. २०२२ पासून घेतात, आणि ३० मे २०२५ ला पहिल्या सतरा मुली तिथून शिकून बाहेर पडल्या. तिनं मान हलवली आणि पळाली. तिच्या मनात काय आहे ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

पायलटच्या आईनंही 'हो' किंवा 'नाही' काही म्हटलं नाही. "अजून लय वर्सं हाईत," एवढंच म्हणाली.

मागच्या गुरुवारी पुन्हा घर्रर्र झालं. या वेळी मुलं बाहेर पळाली ती मोजायला. तुम्हीही करून बघा. अंगणात उताणे पडा. विमान बरोबर डोक्यावर दिसलं की मोजायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन, असं म्हटलं की साधारण एक-एक सेकंद होतो. डोक्यावरून आवाज आला की थांबा. आलेल्या आकड्याला ३४० नं गुणा, म्हणजे विमानाची उंची मीटरमध्ये मिळेल, अगदी तंतोतंत नाही पण अंदाजापुरती. आमच्याकडे चौघांचे आकडे चार आले: सात, आठ, नऊ आणि एकाचा चक्क तेवीस! त्या तेवीसवाल्याला विमान कधी दिसलं हाच प्रश्न आहे.

पायलटचा आकडा नऊ होता. तो उताणा पडला नव्हता, व्हरांड्याच्या पायरीवरच बसून मोजत होता, आणि त्याचं बोट आवाजाच्या बरंच पुढं, राजगडाच्या बाजूला होतं.

तुमचे आकडे मला पत्रानं जरूर कळवा. गाव आणि वेळही लिहा.